हातांनी बोलणारा वर्ग

कर्णबधिर मुलांच्या वर्गात नीरव शांतता असेल, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात बाके सरकवण्याचे, पाय आपटण्याचे, मोकळ्या हसण्याचे आवाज तेथे सतत चालू असतात; ते इतरांना ऐकू जातात हे मुलांच्या गावीही नसते. सर्वांचे लक्ष वेधायचे झाल्यास शिक्षक दिव्याचे बटण दाबतो. बाके अर्धवर्तुळात मांडलेली असतात, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसले पाहिजेत. फळ्याकडे तोंड करून शिकवण्याची सवय मात्र नव्या शिक्षकाला प्रथम सोडावी लागते. पाठ फिरली की बोलणेच संपले.

सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. ‘तू कोठे राहतोस?’ हे भारतीय सांकेतिक भाषेत ‘तू – राहणे – कोठे’ अशा क्रमाने येते. ‘हो किंवा नाही’ असे उत्तर हवे असल्यास भुवया उंचावतात. भुवया विसरलात तर प्रश्नाचे विधान होते! अमेरिकेतील विल्यम स्टोको यांनी 1960 साली तेथील सांकेतिक भाषेची रचना शास्त्रीय पद्धतीने मांडली, तोपर्यंत भाषातज्ज्ञही तिला भाषा मानावयास फारसे तयार नव्हते. त्याला इतिहास आहे. 1880 साली मिलान येथील परिषदेत युरोपीय शिक्षकांनी केवळ वाचिक पद्धतीचा ठराव केला आणि जगभरच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. आपल्याकडेही उच्चार आणि ओष्ठवाचन यांवरच भर राहिला. मधल्या सुट्टीत, वसतिगृहात मुलांचे हात मात्र बोलतच राहिले. 2010 साली व्हँकुव्हर येथील परिषदेने मिलानचे ठराव नाकारले, तोवर एकशे तीस वर्षे उलटली होती.

ओष्ठवाचनाची मर्यादा आरशासमोर उभे राहून कोणालाही पडताळता येईल. ‘बाळ’, ‘माळ’ आणि ‘पाळ’ हे तीनही शब्द ओठांवर सारखेच दिसतात.

खरी कसोटी लागते ती लिखित मराठी शिकवताना. ऐकणारे मूल ‘रस्ता’ आणि ‘रस्त्यावर’ यांतील नाते कानांनीच जाणते. कर्णबधिर मुलाला मात्र तो निराळाच शब्द दिसतो. घर, घरात, घराला, आंबा, आंब्याचा. खुणेत ‘आत’ किंवा ‘वर’ हे हातांच्या जागेवरून दाखवले जाते, प्रत्यय नसतोच. म्हणून ‘मी शाळा जा’ असे लिहिणाऱ्या मुलाला मंद समजणे अन्यायाचे आहे. दुसरी भाषा शिकताना आपणही हेच करतो. अशा वेळी प्रथम खुणेने गोष्ट सांगावी, मग तीच गोष्ट फळ्यावर लिहावी आणि प्रत्ययाखाली रंगीत रेघ ओढून ती जागा पुन्हा खुणेने दाखवावी. काम संथ आहे. ‘मूकबधिर’ हा शब्दही आता टाकून द्यावा; ही मुले मुकी नाहीत.

बहुतेक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात. खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती घरोघरी असते. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट यांना सांकेतिक भाषेचा विरोध नाही. दोन्ही बरोबरीने चालू शकतात. धोका आहे तो वाट पाहण्यात. पहिल्या पाच वर्षांत मुलाला कोणतीच भाषा पूर्णपणे मिळाली नाही, तर पुढे कोणतीही भाषा त्याला सहजपणे अवगत होत नाही. ही उणीव कानाची नसते. पंगतीत सारे हसतात, मूल विचारते, ‘काय झाले?’ आणि उत्तर मिळते, ‘नंतर सांगते.’ ते नंतर बहुधा येत नाही.

नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा चित्रफीत-शब्दकोश 2021 पासून उपलब्ध आहे. तो विनामूल्य पाहता येतो. पालक बहुधा ‘जेव’, ‘झोप’, ‘नको’ एवढ्या खुणा आधी शिकून घेतात. ‘का’ आणि ‘मग’ याही त्याच आठवड्यात शिकाव्यात. आजीआजोबांनाही बरोबर बसवावे. मूल दिवसाचा बराच वेळ त्यांच्यापाशी असते.