मदत हवी, पण मापाने!

खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी ते १९७४ साली सुरू झाले. इजा पाठीच्या कण्यात किती वर झाली आहे, यावर जवानाला किती आधार लागेल हे बरेचसे ठरते. ज्याचे हात शाबूत आहेत तो चाकाची खुर्ची स्वतः चालवतो. मानेजवळ इजा झालेल्याला घास भरवायलाही माणूस लागू शकतो. सर्वांना एकाच मापाचा आधार दिला, तर एकाला तो अपुरा पडेल आणि दुसऱ्याला परावलंबी करील.

शाळेतल्या मुलांचेही असेच आहे. चौथीतला एखादा मुलगा ऐकलेली गोष्ट घडाघडा सांगतो, पण वाचायला उभे केले की अडखळतो. 'घ' आणि 'ध' यांत गोंधळतो, जोडाक्षरे गाळतो. आपण त्याला आळशी ठरवतो. मग तो खोड्या काढू लागतो. का? वर्गाबाहेर काढले, की वाचायची पाळी टळते!

अशा वेळी काय करावे? प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. त्यानंतर मदतीच्या तीन पायऱ्या लक्षात ठेवाव्यात. पहिली वर्गातच : पुढचा बाक, सोप्या व छोट्या सूचना, झालेल्या कामाचे कौतुक. काही आठवड्यांत फरक पडला नाही तर दुसरी : चार-पाच मुलांच्या गटात रोज थोडा जादा सराव. तेवढ्यानेही भागले नाही तर तिसरी : बालरोगतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी आणि विशेष शिक्षकाकडून एकट्यासाठी शिकवणी. मूल सुधारले, की एक पायरी खाली यावे. कुबडी कायमची नको. मात्र अडचण पहिल्यापासूनच मोठी दिसत असेल, तर पायऱ्या मोजत बसू नये. थेट तपासणी करावी.

वाचन-लेखनातील अशा अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी कमी असण्याशी तिचा संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला २१ प्रकारांत स्थान दिले आहे. रीतसर प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. परंतु ही धावपळ दहावीच्या तोंडावर करू नये. तिसरी-चौथीतच शंका आली, तर वर्गशिक्षकांना भेटावे.

पालकहो, पुढच्या वेळी प्रगतिपुस्तकावरचा लाल शेरा पाहून हात उगारण्यापूर्वी मुलाला जवळ घ्या आणि एवढेच विचारा, "बाळा, नेमके कुठे अडते?"