प्रथिनांची ओळखपरेड

बडोद्याच्या मराठी कुटुंबांना खंडेराव मार्केटची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आपले दत्तक पिते खंडेराव महाराज यांच्या नावाने १९०६ साली उभारलेली ही वास्तू. तिच्या भव्य इमारतीत महानगरपालिकेची कचेरी, आणि लगत भाजी, फळे व फुले यांचा बाजार. सणाच्या आदल्या संध्याकाळी येथे पाऊल ठेवण्यास जागा नसते. गुजराती भगिनी पात्र्यांसाठी आणि आमच्या गृहिणी अळूवड्यांसाठी एकाच टोपलीतील पाने निवडीत असतात. हमाल, फेरीवाले, मुले, म्हातारेकोतारे या साऱ्यांचा एकच लोंढा झालेला असतो.

आता अशी कल्पना करावी की, या लोंढ्यातून एक विशिष्ट इसम आपणांस शोधावयाचा आहे. त्याचे नाव कोणी पुकारून सांगणार नाही, आणि वरकरणी तो इतरांहून वेगळाही दिसत नाही. अशा वेळी दोन उपाय संभवतात. एक म्हणजे गर्दीला काही नियमाने रांगेत लावावे, आणि दुसरा म्हणजे त्या इसमाला, आणि केवळ त्यालाच, ओळखणारा एखादा साक्षीदार त्या रांगेवरून फिरवावा. पोलीस ओळखपरेड घेतात ती याच रीतीने. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ रक्ताच्या थेंबातून एखादे प्रथिन हुडकून काढतात तेही बरेचसे असेच. ही पद्धती कशी चालते, आणि आपल्या देशाच्या आरोग्याच्या इतिहासात एका महाराष्ट्रीय घरातील कन्येने तिच्या आधारे कोणते सत्य उजेडात आणले, हे वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा हेतू आहे.

रक्त गोठू दिल्यावर जो पिवळसर द्रव वर राहतो त्यास रक्तरस म्हणतात. त्यात हजारो प्रकारची प्रथिने विरघळलेली असतात. निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा असतो. आणि ज्याचा शोध घ्यावयाचा ते प्रथिन कित्येकदा या गर्दीत नावापुरतेच असते. साधी रासायनिक परीक्षा ‘प्रथिन आहे’ एवढेच सांगते. ‘कोणते’ ते सांगत नाही.

ते सांगू शकणारा साक्षीदार निसर्गानेच घडविला आहे. शरीरात परका पदार्थ शिरला म्हणजे शरीर त्यास नेमके पकडणारे प्रथिन तयार करते. यालाच प्रतिपिंड म्हणतात. १८९० साली बर्लिन येथे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले की, धनुर्वात व घटसर्प यांच्या विषांना सरावलेल्या प्राण्याच्या रक्तरसात त्या विषांचा प्रतिकार करणारे द्रव्य असते आणि ते दुसऱ्या प्राण्यास टोचले असता त्याचेही रक्षण होते. प्रथम औषध म्हणून वापरलेले हे द्रव्य पुढे हेर म्हणूनही उपयोगी पडले. मनुष्याचे एखादे प्रथिन सशास टोचले की सशाचे शरीर त्यास परके समजून त्याविरुद्ध प्रतिपिंड बनविते. ते वेगळे काढले की झाला आपला साक्षीदार तयार. १९७५ साली केंब्रिज येथे गेऑर्ग कोहलर आणि सेसार मिलस्टाईन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड वाटेल तेवढे निर्माण करणाऱ्या पेशी तयार केल्या. या कामगिरीबद्दल १९८४ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. तेव्हापासून भरवशाच्या साक्षीदारांची वाण राहिली नाही.

साक्षीदार मिळाला, आता रांग कशी लावावयाची ते पाहू. प्रथिनांचे मिश्रण एका विशिष्ट साबणासारख्या द्रव्यासह तापवितात. त्यामुळे गुंडाळलेली प्रथिने उलगडून सरळ होतात आणि साऱ्यांवर ऋण विद्युत्‌भाराचा लेप बसतो. पागोटे, शाल, जोडे सारे उतरवून सर्वांना एकाच वेषात उभे करावे, तसा हा प्रकार. मग ते मिश्रण खरवसाच्या पातळ वडीसारख्या थलथलीत जेलच्या एका कडेला भरून वडीतून विजेचा प्रवाह सोडतात. सारी प्रथिने धन टोकाकडे धावू लागतात. परंतु जेलमधील छिद्रे अरुंद. मार्केटच्या गर्दीतून लहान मूल माणसांच्या पायांमधून झटकन पुढे निसटते आणि डोक्यावर पाटी घेतलेला हमाल मागे अडकतो. त्याचप्रमाणे लहान प्रथिने पुढे जातात आणि मोठी मागे राहतात. तास-दीड तासात प्रत्येक प्रथिन आपापल्या आकारमानाप्रमाणे जागा धरते.

जेल नाजूक असल्यामुळे साक्षीदारास त्यावर फिरविता येत नाही. म्हणून त्यावर नायट्रोसेल्युलोजचा पातळ पापुद्रा ठेवून विजेच्याच साह्याने सारी प्रथिने, रांग न मोडता, त्या पापुद्र्यावर उतरवून घेतात. दौतीने लिहिण्याच्या काळात ओल्या अक्षरांवर टीपकागद दाबला की अक्षरे त्यावर उमटत. ती आठवण ज्यांना असेल त्यांना ही कृती तत्काळ समजेल. इंग्रजीतील ‘ब्लॉट’ या शब्दाचा अर्थ टिपणे हाच आहे.

यापुढील पायरी गृहिणींना गंमतीची वाटेल. पापुद्र्याची जी जागा रिकामी असेल तेथे प्रतिपिंडे उगीच चिकटून बसू नयेत म्हणून तो पापुद्रा चक्क साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या पाण्यात भिजवून ठेवतात. दुधातील प्रथिने मोकळ्या जागा भरून टाकतात. मग सशाचे प्रतिपिंड सोडावयाचे. ते आपले प्रथिन शोधून त्यास घट्ट धरते. बाकीचे धुऊन काढावयाचे. परंतु हे मीलन डोळ्यांना दिसत नाही. यासाठी दुसरे प्रतिपिंड लागते. ते बहुधा बकरीच्या रक्तातून मिळविलेले असून सशाच्या प्रतिपिंडास ओळखते, आणि त्याच्या शेपटीस एक विकर जोडलेले असते. योग्य द्रव्य घालताच ते विकर रंग किंवा प्रकाश निर्माण करते आणि पापुद्र्यावर एक रेघ उमटते. रेघ उमटली म्हणजे प्रथिन आहे. रेघेच्या जागेवरून त्याचे आकारमान कळते. साक्षीदाराने बोट दाखविले आणि त्या जागेने ओळखीला दुजोरा दिला, अशी ही दुहेरी खातरी आहे.

या पद्धतीचे नाव ‘वेस्टर्न ब्लॉट’. नावामागे एक विनोद आहे. १९७५ साली एडविन सदर्न या शास्त्रज्ञाने डीएनए टिपण्याची रीत शोधली. ती त्यांच्या आडनावावरून ‘सदर्न ब्लॉट’ झाली. सदर्न म्हणजे दक्षिणेकडील! म्हणून आरएनए टिपण्याच्या रीतीस कोणी थट्टेने ‘नॉर्दर्न’ म्हटले. प्रथिने टिपण्याची रीत १९७९ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे टोबिन, श्टेहेलिन आणि गॉर्डन यांनी प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिएटल येथे तीच वाट चोखाळणाऱ्या नील बर्नेट यांनी १९८१ मध्ये तिला ‘पश्चिम’ हे नाव दिले.

आता आपल्या देशाकडे वळू. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणारे गायतोंडे नावाचे एक महाराष्ट्रीय कुटुंब होते. भावांच्या त्या घरातील एकुलती एक कन्या सुनीती. तिने मद्रास मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेतले, परदेशांत विकृतिशास्त्राचा अनुभव मिळविला, व्हिक्टर सॉलोमन या हृदयशल्यविशारदाशी विवाह केला आणि १९७३ मध्ये मायदेशी परतून ती त्याच महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापक झाली. १९८० नंतरच्या दशकात एड्सची वार्ता अमेरिकेतून येऊ लागली तेव्हा ‘हा रोग आपल्याकडे यावयाचा नाही’ असा समज आपल्याकडे सर्वत्र होता. डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सेल्लप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीस प्रबंधासाठी नेमका हाच विषय सुचविला.

निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या ज्या स्त्रियांना सुधारगृहात ठेवले होते त्यांचे ऐंशीच्या वर रक्तनमुने गोळा केले. साधने तुटपुंजी होती. वेगळा केलेला रक्तरस त्यांनी आपल्या घरच्या शीतकपाटात ठेवला. १९८६ च्या फेब्रुवारीत ते नमुने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेऊन तपासण्यात आले. तेथील परीक्षा ‘एलायझा’ या पद्धतीची, १९७१ साली स्टॉकहोम येथील एंगवाल व पर्लमान यांनी मांडलेली. सहा नमुने पिवळे झाले. पुन्हा रक्त घेण्यात आले, नमुने अमेरिकेस गेले आणि तेथे वेस्टर्न ब्लॉटने निर्वाळा दिला की, एचआयव्ही भारतात पोहोचला आहे. त्याच वर्षी ही वार्ता देशापुढे आली.

येथे चाणाक्ष वाचक विचारतील की, एलायझाने सांगितले होते तर पुन्हा तपासण्याची गरज काय? याचे उत्तर समजून घेणे प्रत्येक कुटुंबास आवश्यक आहे. या परीक्षेत ओळखपरेड उलट दिशेने चालते. विषाणूची माहीत असलेली प्रथिने आधीच मांडून ठेवलेली असतात आणि रुग्णाच्या रक्तात त्यांना ओळखणारे प्रतिपिंड आहे काय, हे पाहावयाचे असते. एलायझात ही सारी प्रथिने एकत्र असल्यामुळे ‘काहीतरी चिकटले’ एवढेच कळते. निराळ्याच कारणाने निर्माण झालेले प्रतिपिंडही कधी कधी चिकटते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये मात्र विषाणूची प्रथिने आकारमानाने अलग झालेली असतात. पी-२४, जीपी-४१, जीपी-१२० अशा ठरावीक जागी एकाहून अधिक रेघा उमटल्या तरच निर्णय होकारार्थी धरीत.

थोडे गणित करू. समजा, दहा हजार माणसांत दहा जण बाधित आहेत, आणि परीक्षा त्या दहांना अचूक पकडते. परंतु शंभर निरोगी माणसांमागे एकाला चुकून बाधित ठरविते. परीक्षा चांगलीच म्हणावयाची. तरीही ९,९९० निरोगी माणसांपैकी सुमारे शंभर जणांवर खोटा शिक्का बसेल! म्हणजे होकारार्थी ठरलेल्या एकशेदहांपैकी खरे बाधित केवळ दहा. याच एकशेदहांची निराळ्या तत्त्वावरील, तेवढीच चांगली दुसरी परीक्षा घेतली तर खोटा शिक्का बहुधा एकावरच उरेल. दुसरी परीक्षा म्हणजे निव्वळ खर्च नव्हे; ते न्यायाचे साधन आहे.

आणि न्यायाचा प्रश्न येथे मोठा होता. त्या सुधारगृहातील स्त्रियांना आपले रक्त कोणत्या रोगासाठी घेतले जात आहे याची कल्पना देण्यात आली नव्हती. देशाला ज्ञान मिळाले ते त्यांच्या रक्तातून. वाट्याला आली ती बहुतांशी घृणा. हे विसरता कामा नये. आज कायदा वेगळा आहे. २०१७ साली संमत होऊन सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स अधिनियमाप्रमाणे व्यक्तीस समजावून सांगून तिची संमती घेतल्यावाचून ही परीक्षा करता येत नाही, आणि बाधिताशी भेदभाव करणे हा कायद्याचा भंग ठरतो.

डॉ. सुनीती सॉलोमन शोधापाशी थांबल्या नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी चेन्नईत एड्स संशोधन व शिक्षण केंद्र स्थापिले आणि त्यास आपल्या वडिलांचे, वाय. आर. गायतोंडे यांचे, नाव दिले. तेथे येणाऱ्या अनेक बाधित विवाहितांचा पतीखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता, हे पुढे अभ्यासांतून स्पष्ट झाले, आणि हा ‘वाईट माणसांचा’ रोग आहे या समजुतीला तडा गेला. औषधांमुळे रुग्ण दीर्घायुषी होऊ लागले तेव्हा तर बाधित वधूवरांचे विवाह जुळविण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले. २८ जुलै २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

शास्त्र पुढे गेले आहे. एचआयव्हीच्या निदानासाठी वेस्टर्न ब्लॉट वापरू नये, त्याऐवजी निरनिराळ्या तत्त्वांवरील सोप्या व त्वरित परीक्षा क्रमाने घ्याव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविले. आपल्या देशातही लक्षणे नसलेल्या माणसास बाधित ठरविण्यापूर्वी तीन वेगळ्या परीक्षा करतात, आणि सरकारी केंद्रांत त्या विनामूल्य होतात. संशोधनाच्या प्रयोगशाळांत मात्र दुधाच्या भुकटीतील तो पापुद्रा अद्यापि रोज भिजत असतो. आणि प्रतिपिंडाचा साक्षीदार आता घराघरांत पोहोचला आहे. गरोदरपणाची खात्री करणारी पट्टी आणि २०२१ मध्ये कित्येकांनी घरीच नाकातील स्राव घेऊन पाहिलेली कोविडची पट्टी यांवर उमटणारी रेघ त्याचीच असते.

म्हणून वाचकांस आमचे एवढेच सांगणे आहे. घरातील कोणाचा असा अहवाल हाती आला तर ही परीक्षा चाळणीची आहे की निर्णायक, आणि दुसऱ्या पद्धतीने तिची खातरजमा झाली आहे काय, हे दोन प्रश्न डॉक्टरांस अवश्य विचारावेत. बाधा झाल्यानंतर रक्तात प्रतिपिंड दिसू लागण्यास काही आठवडे जातात. तेव्हा नकारार्थी अहवालही वेळप्रसंगी पुन्हा तपासावा लागतो. आणि अहवाल काहीही असो, त्यावर नाव असलेले माणूस कालपर्यंत आपले होते तसेच उद्याही आपलेच असते.