बियांविना महासागर ओलांडलेलं झाड

पॅसिफिक महासागरातल्या टोंगात लग्न असो की मयत, सोबत ‘ङातू’ आलाच. झाडाच्या सालीचं हे कापड वीस मीटरहूनही लांब असू शकतं आणि ते विणत नाहीत, बडवून पसरवतात. त्यासाठी लागते हिआपो, म्हणजे वड-तुतीच्या कुळातली कागदी तुती. तिचा बाजूचा फुटवा वेळोवेळी खुडावा लागतो, नाहीतर सालीला भोकं पडतात. वर्ष-दीड वर्षाची खोडं कापून साल सोलायची, वरचा पापुद्रा खरवडायचा, आतली पांढरी साल भिजवायची आणि ‘इके’ या लाकडी बडवण्याने ओंडक्यावर बडवत राहायचं. सालीतले लांब, चिवट तंतू न तुटता, एकमेकांत गुंतलेलेच पांगतात आणि अरुंद पट्टी कितीतरी पट रुंद होते. अशा पट्ट्यांचे दोन थर उभे-आडवे ठेवून कंदाच्या खळीने चिकटवतात. मग बायका एकत्र बसतात, कापडाखाली ‘कुपेसी’ हे नक्षीचे साचे ठेवतात आणि वरून कोका झाडाच्या सालीचा तांबूस रंग घासतात. कोकाचं झाड आपल्या सह्याद्रीतही आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती हिआपोची वंशावळ. या झाडात नर आणि मादी वेगळे असतात, आणि पॅसिफिक बेटांवर पूर्वापार लावलेली झाडं जवळपास सगळी मादी आहेत. म्हणजे बी धरणंच नाही. प्रत्येक बेटावर हे झाड मुळांचे फुटवे आणि फांद्यांचे तुकडे होडीतून नेऊन, वाटेत खाऱ्या पाण्यापासून आणि उन्हापासून जपून लावलं गेलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हरितलवकातला डीएनए तपासला, तेव्हा या झाडांचं मूळ दक्षिण तैवानमध्ये सापडलं. टोंगात सुमारे २,८०० वर्षांपूर्वी वस्ती करणाऱ्या लापिता लोकांच्या भाषांचं मूळही तैवानकडेच जातं. भाषा, माणूस आणि झाड एकाच वाटेने आले.

असं झाड माणसाच्या गरजेवरच तगतं. माओरींनी ते न्यूझीलंडच्या थंडीतही रुजवलं होतं. १७६९ मध्ये दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या माणसांनी ते तिथे पाहिलं, पण एकोणिसाव्या शतकात ते नाहीसं झालं. टोंगात मात्र ङातूशिवाय लग्नं लागत नाहीत आणि माणसांना निरोप देता येत नाही, म्हणून हिआपोची लागवड टिकली. ऑकलंडमध्ये राहणाऱ्या टोंगन बायकांना पुरेशी साल मिळत नाही. त्या ङातूच्या एका थराला कृत्रिम धाग्यांचं कापड लावतात. कुपेसी आणि कोकाचा रंग मात्र तेच असतात.