मॅनेजरचं कौतुक, पुराव्यानिशी

मॅनेजर नसते तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न इंजिनिअर मंडळी चहाच्या टपरीवर रोज विचारतात. गूगलच्या संस्थापकांनी ते करूनच पाहिलं. 2001-02च्या सुमारास लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी इंजिनिअरिंग विभागातली मॅनेजरांची फळी काढून टाकली. हुशार माणसांना वर कोणी कशाला हवं, असा त्यांचा हिशेब होता. तो काही महिन्यांतच चुकला. खर्चाची बिलं मंजूर करून घ्यायला आणि आपसातली भांडणं मिटवून घ्यायला इंजिनिअर थेट पेज यांच्याच दारात येऊ लागले. मॅनेजर परत आणावे लागले.

त्या काळात बिल कॅम्पबेल गूगलला सल्ला देत होते. ते कोलंबिया विद्यापीठाचे माजी फुटबॉल प्रशिक्षक. पुढे सिलिकॉन व्हॅलीतल्या अनेक कंपनीप्रमुखांचे ते गुरू ठरले. तुम्हाला मॅनेजर हवा आहे का, असं त्यांनी इंजिनिअरांनाच विचारलं. उत्तर ‘हो’ आलं, आणि कारणंही साधी होती: ज्याच्याकडून काही शिकता येईल आणि वाद अडला की जो निकाल देईल, असा कोणीतरी हवा.

हवा असतो, हे ठरलं. पण तो चांगलं काम करतो तेव्हा त्याला तसं सांगतं कोण?

सहसा कोणीच नाही. कारण त्याचं चांगलं काम दिसतच नाही. इंजिनिअरने लिहिलेला कोड दाखवता येतो, टेस्टरने पकडलेला बग मोजता येतो. रिलीजला दोन दिवस उरलेले असताना क्लायंट एक नवीन फीचर मागतो आणि मॅनेजर शांतपणे नकार देतो. त्यामुळे टीमचा शनिवार-रविवार वाचतो, पण न झालेल्या जागरणाची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही. पगारवाढीच्या बैठकीत बंद दाराआड तो एखाद्या ज्युनिअरसाठी भांडतो, ते त्या ज्युनिअरलाही कळत नाही. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी 1983च्या ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ या पुस्तकात हाच मुद्दा गणितासारखा मांडला आहे: मॅनेजरचं उत्पादन म्हणजे त्याच्या टीमचं उत्पादन, अधिक त्याच्या प्रभावाखालच्या शेजारच्या टीमांचं. म्हणजे त्याचं सगळं काम दुसऱ्यांच्या नावावर जमा होतं. त्यातलं नेमकं काय उपयोगी पडलं, ते त्याच्या वरच्या साहेबाला दिसत नाही. हाताखालच्यांना दिसतं.

गूगलला हे आकडेवारीतून उमगलं. 2009मध्ये कंपनीच्या मनुष्यबळ-विश्लेषण विभागाने ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ हाती घेतला. मॅनेजरमुळे काही फरक पडत नाही हे सिद्ध होतं का, ते त्यांना पाहायचं होतं. सिद्ध उलटंच झालं. चांगल्या मॅनेजरांच्या टीममधली माणसं जास्त समाधानी होती आणि कंपनी सोडून जाण्याचं प्रमाणही तिथे कमी होतं. मग पुढचा प्रश्न आला, हे मॅनेजर वेगळं काय करतात? उत्तरासाठी वार्षिक मूल्यमापनं, कर्मचाऱ्यांची सर्वेक्षणं आणि कंपनीच्या उत्कृष्ट मॅनेजर पुरस्कारासाठी आलेली नामांकनं चाळली गेली. मॅनेजरांबद्दलची दहा हजारांहून अधिक निरीक्षणं शंभरावर निकषांवर तपासण्यात आली. मुलाखतीही घेतल्या, पण समोरचा मॅनेजर वरच्या गटातला आहे की खालच्या, हे मुलाखत घेणाऱ्याला सांगितलेलं नव्हतं.

त्यातून आठ गुणांची यादी तयार झाली. पहिल्या क्रमांकावर चांगला मार्गदर्शक असणं होतं. त्यामागोमाग टीमवर विश्वास टाकणं आणि उठसूट नाक न खुपसणं. माणसांच्या खुशालीची विचारपूस, नीट ऐकून घेणं, करिअरला हातभार लावणं हेही यादीत होतं. तांत्रिक ज्ञानाला सर्वांत शेवटची जागा मिळाली. इंजिनिअरांच्याच कंपनीत लागलेला हा निकाल अनेकांना धक्का देऊन गेला.

यात एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. पुरस्काराची नामांकनं म्हणजे कर्मचाऱ्यांनी आपल्या मॅनेजरचं केलेलं लेखी कौतुक. ते नुसतं ‘फार छान माणूस’ एवढंच असतं, तर विश्लेषकांच्या हाती काही लागलं नसतं. त्यात प्रसंग होते, म्हणून ते कौतुक संशोधनाचा कच्चा माल झालं. पुढे हेच आठ गुण हाताखालच्यांनी मॅनेजरबद्दल भरायच्या निनावी प्रश्नावलीत आले. मॅनेजरने शिकावं हा तिचा हेतू होता, म्हणून तिचा थेट संबंध त्याच्या पगाराशी जोडला नाही. 2010 ते 2012 या काळात मॅनेजरांना तिच्यात मिळालेल्या अनुकूल उत्तरांच्या प्रमाणाचा मध्यक 83 टक्क्यांवरून 88 टक्क्यांवर गेला, आणि सर्वांत जास्त सुधारणा तळाच्या मॅनेजरांमध्ये दिसली.

आपल्याकडे या कौतुकापाशीच घोडं अडतं. हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या एखाद्या ऑफिसात कोणी मॅनेजरबद्दल चार चांगले शब्द बोललं की शेजारच्या डेस्कवरून भुवया उंचावतात. ‘मस्का चाललाय’, ‘अप्रेजल जवळ आलं वाटतं’ असे शेरे ठरलेलेच. ही शंका अगदीच निराधार नाही. नेदरलँड्सच्या मानसशास्त्रज्ञ रोस वोंक यांनी 1998मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की वरच्यांशी गोड आणि खालच्यांशी तुसडं वागणारा माणूस लोकांच्या मनातून फार झटकन उतरतो. याचा अर्थ असाही होतो, की जो टेस्टरचे आणि ऑफिस बॉयचेही मनापासून आभार मानतो, त्याने मॅनेजरचे मानले तर ते कोणाला खुपत नाही.

खुशामतीचं खरं नुकसान वेगळंच आहे आणि ते मॅनेजरच्या वाट्याला येतं. पार्क, वेस्टफल आणि स्टर्न या संशोधकांनी मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या प्रमुखांचा अभ्यास 2011मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्याभोवती हांजी हांजी करणारे जास्त, त्या प्रमुखांचा स्वतःच्या निर्णयशक्तीवरचा विश्वास वाजवीपेक्षा वाढलेला होता. कंपनीची कामगिरी घसरली तरी धोरण बदलायला ते कमी तयार होते. खुशामत माणसाला बहिरं करते, ती अशी.

उरलेला अडसर संकोचाचा. ‘कसं दिसेल?’, ‘शब्द नीट जमले नाहीत तर?’ अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी 2018मध्ये याच संकोचाची मोजदाद केली. लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला सांगितली आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. नंतर पत्र मिळालेल्यांकडून खरी प्रतिक्रिया घेतली. लिहिणाऱ्यांचे अंदाज चुकलेले निघाले. समोरच्याला किती आनंद होईल, ते त्यांनी कमी धरलं होतं, आणि त्याला किती अवघडल्यासारखं होईल, ते जास्त. पाठवणारे शब्द अचूक आहेत का याची काळजी करत बसले होते, वाचणाऱ्यांना त्यातली आपुलकी पोहोचली होती.

म्हणजे सांगावं. पण कसं?

प्रत्येक अभिप्राय गुणकारी असतो, असं नाही. क्लुगर आणि डिनिसी यांनी 1996मध्ये अभिप्रायावरच्या जुन्या संशोधनातले 607 निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा तो मिळाल्यावर कामगिरी घसरली होती. लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की अभिप्राय बिनकामाचा होतो, असं त्यांचं विवेचन आहे. ‘यू आर ग्रेट’ म्हटल्यावर मॅनेजरला बरं वाटतं, पण सोमवारी नेमकं काय पुन्हा करायचं, ते कळत नाही.

अमेरिकेतली ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ ही संस्था यासाठी तीन पायऱ्यांची पद्धत शिकवते: प्रसंग कोणता, समोरच्याने काय केलं, त्याचा परिणाम काय झाला. मराठीत ते अगदी घरगुती होतं. ‘गुरुवारी रात्री सर्व्हर पडला, तेव्हा चूक कोणाची हे तू कॉलवर विचारलं नाहीस, आधी दुरुस्तीचं बोललास. म्हणून माझी कॉन्फिगरेशनमधली चूक मी लगेच सांगू शकले, नाहीतर तासभर गप्प बसले असते.’ किंवा: ‘डेमो तू स्वतः दिला नाहीस, मला द्यायला लावलास. आता क्लायंट शंका थेट मला विचारतो.’ आयटीत मॅनेजरला नावाने हाक मारतात, त्यामुळे हे ‘तू’ खपून जातं. चाकणच्या कारखान्यात हेच वाक्य ‘सर, तुम्ही’ असं सुरू होईल. मजकूर बदलत नाही.

वेळही पाहावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये अप्रेजलच्या तोंडावर केलेलं कौतुक कितीही खरं असलं तरी संशयाच्या फेऱ्यात अडकतं. प्रसंगानंतर दोन-चार दिवसांत सांगितलेलं पटतं. महिन्या-पंधरवड्याच्या वन-ऑन-वन बैठकीत ते तोंडी सांगता येतं, आणि मॅनेजरच्या साहेबाला दोन ओळींचा मेल पाठवला तर नोंदही राहते. तक्रार असेल तर ती कौतुकाच्या शेपटीला बांधू नये. ‘छान केलंस, पण...’ ऐकल्यावर माणसाच्या लक्षात ‘पण’च्या पुढचंच राहतं. चारचौघांत कौतुक करताना टीममधल्या दुसऱ्या कोणाची त्यात तुलना होत नाही ना, हेही पाहावं.

काही ठिकाणी वरच्यांनीच वाट मोकळी करून दिली. नोएडाच्या एचसीएल टेक्नॉलॉजीजची सूत्रं विनीत नायर यांनी 2005मध्ये हाती घेतली आणि ‘आधी कर्मचारी, मग ग्राहक’ असं धोरण जाहीर केलं. तिथे मॅनेजरांबद्दल हाताखालच्यांनी दिलेले अभिप्राय कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर सर्वांना पाहता येऊ लागले. नायर यांनी स्वतःचा अहवाल आधी टाकला, इतर मॅनेजर मागून आले.

गूगलनेही आपली यादी तशीच गोठवून ठेवली नाही. 2018मध्ये तिच्यात दोन गुणांची भर पडली: इतर विभागांशी मिळूनमिसळून काम करणं आणि ठामपणे निर्णय घेणं. यातल्या दुसऱ्या गुणाची मागणी तर इंजिनिअरांनी कॅम्पबेल यांच्याकडे त्याच्या पंधराएक वर्षं आधीच नोंदवून ठेवली होती.