विश्लेषण : पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच… नव्या गेमिंग संगणकात दोष खरोखर मदरबोर्डचाच असतो का?

प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस असे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा ऑनलाइन मागवायचे आणि घरीच गेमिंग संगणक जोडायचा, हे आता कॉलेजच्या मुलांनाही नवे राहिलेले नाही. अडचण येते ती पहिल्यांदा बटण दाबल्यावर. पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. अशा वेळी पहिला संशय मदरबोर्डवर जातो आणि तो सोडवून परत पाठवण्याची घाई होते. ही घाईच महागात पडू शकते. काढता-घालताना सॉकेटमधल्या पिना वाकल्या, तर चांगला बोर्ड खरोखरच निकामी होतो आणि वॉरंटीही हातची जाते. म्हणूनच आधी काय तपासावे, नंतर काय बदलावे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

पंखे फिरले म्हणजे संगणक सुरू झाला का?

नाही. पंख्यांना फक्त १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. ते फिरत आहेत याचा अर्थ एवढाच, की एसएमपीएसकडून वीज येत आहे. संगणक सुरू होण्याचे खरे काम त्यानंतर सुरू होते. मदरबोर्डवरील एका चिपमध्ये ‘बायोस’ नावाची प्रणाली साठवलेली असते. ती प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि शेवटी विंडोज असलेली डिस्क यांची हजेरी घेते. यातील एकही भाग हजर नसेल, तर गाडी तिथेच थांबते.

कुठे थांबली, हे बोर्ड स्वतःच सांगतो. आजच्या बहुतेक गेमिंग मदरबोर्डवर, बहुधा उजव्या कडेला, चार बारीक दिवे असतात. त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी अक्षरे छापलेली असतात. असूस त्यांना ‘क्यू-एलईडी’ म्हणते, तर एमएसआय ‘ईझी डीबग एलईडी’. हे दिवे एकेक करून लागतात व विझतात. जो दिवा विझत नाही, तिथे शोध सुरू करायचा. डीरॅमचा दिवा लागून राहिला असताना ग्राफिक्स कार्ड बदलत बसण्यात अर्थ नसतो.

पहिल्यांदा किती वेळ वाट पाहावी?

डीडीआर५ रॅम असलेल्या संगणकात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या ‘एएम५’ बोर्डांवर केवळ डीडीआर५ रॅम चालते. ही रॅम इतक्या वेगाने काम करते, की प्रत्येक बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यांच्या जोडीसाठी संकेतांची वेळ नव्याने जुळवावी लागते. याला ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात. पहिल्या वेळी त्याला काही मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळी असते आणि डीरॅमचा दिवा लागलेला असतो.

नेमके याच वेळी अनेक जण बटण दाबून संगणक बंद करतात आणि पुन्हा सुरू करतात. त्यामुळे हे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पहिल्यांदा सुरू करताना १० ते १५ मिनिटे शांतपणे थांबावे. रॅम बदलल्यावर, बायोस अद्ययावत केल्यावर किंवा त्याच्या सेटिंग पुसल्यावरही अशीच वाट पाहावी लागू शकते.

तपासणीचा क्रम कसा असावा?

सोप्यापासून अवघडाकडे आणि बाहेरून आत. सर्वात आधी मॉनिटरची केबल पाहावी. ती मदरबोर्डच्या मागच्या एचडीएमआयमध्ये नव्हे, तर ग्राफिक्स कार्डमध्ये लावायची असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यांत स्वतःचे ग्राफिक्स नसते. तिथे बोर्डाला लावलेली केबल काहीच दाखवणार नाही.

त्यानंतर वीज. बोर्डाला दोन ठिकाणी वीज लागते : कडेचा २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातला ८ पिनांचा. दुसरा विसरला, तरी पंखे फिरतात, पण प्रोसेसर जागा होत नाही. ग्राफिक्स कार्डचा ८ पिनांचा कनेक्टर दिसायला तसाच असला, तरी त्याची जोडणी वेगळी असते. तो जोर लावून इथे बसवू नये. केबल वेगळ्या निघणाऱ्या एसएमपीएसमध्ये दुसऱ्या कंपनीच्या किंवा जुन्या एसएमपीएसच्या केबल वापरणे तर थेट धोक्याचे आहे. टोक बसले, तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि बोर्ड किंवा डिस्क जळू शकते.

मग रॅम. चार स्लॉट असतील आणि रॅमच्या पट्ट्या दोन असतील, तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. खटका ऐकू येईपर्यंत त्या दाबाव्या लागतात. तरीही अडले, तर एकच पट्टी ठेवून पाहावे, मग दुसरी.

एवढ्याने भागले नाही, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून तो ज्या खोक्यातून आला त्या पुठ्ठ्यावर ठेवावा. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर, ग्राफिक्स कार्ड जोडून संगणक सुरू करावा. पुठ्ठ्यावर चालला आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर बोर्डामागे चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ शॉर्ट करत असण्याची शक्यता मोठी असते.

बोर्ड नवा, पण बायोस जुने असेल तर?

दुकानातला बोर्ड कोरा असला, तरी त्यातील बायोस तो कारखान्यातून निघाला त्या दिवसाचे असते. उदाहरणार्थ, एएमडीच्या बी६५० चिपसेटचे बोर्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये आले, तर त्यावर चालणारे रायझन ९००० मालिकेचे प्रोसेसर ऑगस्ट २०२४ मध्ये. जुन्या साठ्यातील बोर्डावर नवा प्रोसेसर बसवला, तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. दोष कोणाचाच नसतो, पण स्क्रीन काळीच राहते.

यावर उपाय म्हणजे ‘बायोस फ्लॅशबॅक’. ज्या बोर्डांवर ही सोय असते, त्यांच्या मागच्या बाजूला छोटे बटण आणि खूण केलेला यूएसबी पोर्ट असतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या आपल्याच मॉडेलची फाइल उतरवायची, माहितीपुस्तिकेत दिलेले नाव तिला द्यायचे, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ती ठेवायची आणि पेनड्राइव्ह त्या पोर्टमध्ये लावून बटण दाबायचे. बोर्डाला फक्त एसएमपीएसची वीज पुरते. मात्र हे काम सुरू असताना वीज गेली, तर बायोस अर्धवट राहते. वीज वारंवार जाते अशा गावात किंवा पावसाळ्यात ते यूपीएसवरच करणे शहाणपणाचे.

सेटिंग बदलल्यावर संगणक उठेनासा झाला तर?

रॅमचा वेग वाढवण्याच्या नादात असे होते. बोर्ड मात्र कायमचा बिघडलेला नसतो. त्याने फक्त चुकीची सेटिंग लक्षात ठेवलेली असते. प्लग काढून बोर्डावरची नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवली किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना क्षणभर जोडल्या, की सेटिंग पुसल्या जातात आणि बोर्ड मूळ स्थितीत येतो.

एक खबरदारी मात्र आधीच घ्यावी. विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू असेल, तर बायोसमधील बदलानंतर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती जवळ नसेल, तर डिस्कवरील फोटो आणि फाइल कायमच्या हातच्या जाऊ शकतात. त्यामुळे बायोसला हात लावण्यापूर्वी ही की लिहून ठेवावी.

संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले का?

इथेच अनेकांचे पैसे नकळत वाया जातात. ६००० वेगाची डीडीआर५ रॅम विकत घेतली, तरी बोर्ड सुरक्षितता म्हणून ती बहुधा ४८०० सारख्या मूळ वेगावर चालवतो. बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डावर ‘एक्सएमपी’ किंवा एएमडीच्या बोर्डावर ‘एक्स्पो’ सुरू केल्याशिवाय पूर्ण वेग मिळत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीसमोर हा वेग दिसतो. हे एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच असल्याने संगणक मध्येच बंद पडू लागला, तर वेग एक पायरी खाली आणावा. दोनऐवजी चार पट्ट्या लावल्या, तर डीडीआर५चा वेग बहुधा कमीच ठेवावा लागतो.

ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरजवळच्या सर्वात वरच्या लांब स्लॉटमध्येच हवे. खालचे स्लॉट लांबीला सारखे दिसले, तरी अनेकदा त्यांत १६ ऐवजी चारच लेन जोडलेल्या असतात. बायोसमधील ‘रिसायझेबल बार’ सुरू असेल, तर प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डची संपूर्ण मेमरी एका वेळी वापरता येते आणि काही गेममध्ये त्याचा फायदा दिसतो. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटरचा रिफ्रेश रेट पाहावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालत असल्याचे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

सारे ठीक असून काही गेम सुरू का होत नाहीत?

फसवणूक रोखणारी सॉफ्टवेअर आता थेट बायोसच्या सेटिंग तपासतात. विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते. २०२५ मध्ये आलेल्या ‘बॅटलफील्ड ६’नेही सिक्युअर बूट बंधनकारक केले. एएमडीच्या बोर्डावर टीपीएमची सेटिंग ‘एफटीपीएम’, तर इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ या नावाने सापडते. सिक्युअर बूटसाठी मात्र जुन्या पद्धतीचा ‘सीएसएम’ हा पर्याय बंद करावा लागतो आणि विंडोजची डिस्क जीपीटी पद्धतीची असावी लागते. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असताना सीएसएम बंद केला, तर विंडोज सुरूच होत नाही. आधी फाइलची प्रत काढून विंडोजमधील ‘एमबीआर२जीपीटी’ने डिस्क बदलावी, मग बायोसला हात लावावा.

बायोस अद्ययावत ठेवण्याचा आग्रह कशासाठी?

कारण बोर्ड प्रोसेसरला किती व्होल्ट द्यायचे, हे बायोस ठरवते. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७०००एक्स३डी मालिकेतील काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याच्या घटना समोर आल्या. त्यानंतर एएमडीने नव्या बायोसमधून ‘एसओसी’ व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गेम मध्येच बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्या. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे इंटेलने मान्य केले, ऑगस्ट २०२४ मध्ये बायोसद्वारे दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्ती पुढचे नुकसान टाळते. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र तिने पूर्ववत होत नाही.

म्हणूनच या पिढीतील प्रोसेसर वापरणाऱ्यांनी, विशेषतः जुना संगणक विकत घेणाऱ्यांनी, बायोसची तारीख सर्वात आधी पाहावी.

मदरबोर्ड खराब असल्याचे कधी म्हणावे?

क्रमाने सारे तपासून झाल्यावर, बायोस प्रोसेसरला चालणारे असल्याची खात्री झाल्यावर आणि तोच प्रोसेसर, तीच रॅम व तोच एसएमपीएस दुसऱ्या बोर्डासोबत व्यवस्थित चालल्यावर. त्याआधी काढलेला निष्कर्ष हा अंदाजच असतो.

बोर्ड परत द्यायची वेळ आलीच, तर पुरावा हाताशी हवा. इंटेलच्या आणि एएम५च्या बोर्डांवर नाजूक पिना प्रोसेसरवर नसून सॉकेटमध्ये असतात. एएम५मध्ये त्या तब्बल १,७१८ आहेत. वाकलेल्या पिना हे ग्राहकाने केलेले नुकसान मानले जाते आणि त्याला बहुधा वॉरंटी मिळत नाही. त्यामुळे बोर्ड खोक्यातून काढताच सॉकेटचा स्पष्ट फोटो मोबाइलवर काढावा. परत देतानाही एक फोटो घ्यावा. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण फेकू नये आणि परत पाठवताना ते लावूनच पाठवावे. बिलावर बोर्डाचा सीरियल क्रमांक लिहून घ्यावा. काही शे रुपये वाचवण्यासाठी बिल न घेणे इथे सर्वात महाग ठरते. दुकानदार किंवा सेवा केंद्र दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ती नोंदवताना बिल आणि फोटो हाच ग्राहकाचा मुख्य आधार असतो.