खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यपेटीतील समुद्रपुष्पांचे संगोपन : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात

बीजसंज्ञा : समुद्रपुष्प, क्षारता, सहजीवी शैवाल, भरती-ओहोटी, मत्स्यपेटी.

प्रस्तावना :

उधाणाच्या ओहोटीला अलिबाग, कोर्लई किंवा मुरूडच्या खडकाळ किनाऱ्यावर उतरले असता खडकांच्या भेगांत आणि उथळ डबक्यांत मऊ, चिकट, अंगाला शिंपल्यांचे तुकडे चिकटलेले लहान गोळे आढळतात. पाणी चढताच ते फुलासारखे उमलतात. समुद्रपुष्प या नावाने ओळखला जाणारा हा जीव वनस्पती नसून प्रवाळ व जेलीफिश यांच्या नात्यातील मांसाहारी प्राणी आहे. पश्चिम किनाऱ्यावरील समुद्रपुष्पांच्या अभ्यासात ए. एच. परुळेकर यांचे कार्य महत्त्वाचे आहे. मुंबईच्या समुद्रपुष्पांवरील त्यांचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९६८ साली प्रसिद्ध झाला.

२००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने विदूषक मासा आणि समुद्रपुष्प ही जोडी घरोघरी पोहोचवली. मासा बहुधा जगतो. समुद्रपुष्प मात्र काही आठवड्यांत आक्रसते आणि विरघळल्यासारखे नाहीसे होते. असे का घडते, याचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शरीररचना व तिचे परिणाम :

समुद्रपुष्पाला सांगाडा नाही, कल्ले नाहीत आणि मूत्रपिंडही नाही. शरीरातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्याहून वेगळे राखण्याची सोय माशांना आहे, ती याला नाही. बाहेरचे पाणी खारट झाले की तेही आतून तितकेच खारट होते. त्याला तोंड व गुदद्वार मिळून एकच छिद्र असते. त्यामुळे खाल्लेल्या कोळंबीचे अवशेष तोंडातूनच बाहेर पडतात व शरीर अधूनमधून पूर्ण मिटते. नवखे पालक याला रोग समजून औषधे घालतात. माशांच्या औषधांत पुष्कळदा तांबे असते आणि ते समुद्रपुष्पाला विषासमान ठरते. वास्तविक दिवसभर मिटलेले समुद्रपुष्प हे चिंतेचे कारण नव्हे. तोंड सैल पडून उघडे राहिले, तळाची पकड सुटली व दुर्गंधी आली, तर मात्र ते तत्काळ बाहेर काढावे. अन्यथा त्याच्या कुजण्याने सारी टाकी नासते.

उष्ण समुद्रातील मोठ्या जातींच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते व ते प्रकाशाच्या साहाय्याने बनविलेले अन्न यजमानाला पुरविते. तपकिरी वा हिरवट छटा या शैवालाची असते. बाजारात पांढरेशुभ्र समुद्रपुष्प अधिक देखणे म्हणून विकले जाते, तेव्हा ते बहुधा शैवाल गमावलेले, म्हणजे उपाशी असते. गडद पिवळे वा गुलाबी दिसणारे काही नमुने तर रंगविलेले असतात. असे नमुने घेऊ नयेत, हे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

स्थैर्याचा प्रश्न :

येथे एक आक्षेप संभवतो. खडकावरचे समुद्रपुष्प रोज दोनदा ऊन सोसते, पावसात भिजते. मग टाकीतील किरकोळ बदलाने ते का मरावे? याचे उत्तर भरतीत आहे. किनाऱ्यावर बिघडलेली स्थिती काही तासांत भरती पूर्ववत करते. टाकीत भरती येत नाही; तेथे झालेला बदल साठत जातो.

आमच्या प्रयोगशाळेतील पहिली टाकी याच अज्ञानामुळे गेली. शंभर लिटरच्या त्या टाकीतून रोज सुमारे एक लिटर पाणी उडून जाई आणि आम्ही निष्ठेने तितकेच समुद्राचे पाणी भरत असू. पाणी उडते, मीठ उडत नाही, हे शाळकरी सत्य आमच्या ध्यानात आले नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. महिनाभरात टाकीत एक किलोहून अधिक मीठ वाढले आणि क्षारता ३५ वरून ४५ वर गेली. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या, शक्यतो आरओ पाण्याने करावी. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी टाळावे. विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ व तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान राहावे. आपल्याकडे मे महिन्यात तापमापक सहज तिशी ओलांडतो. पाण्याच्या पृष्ठावर पंखा लावल्यास ते दोन-तीन अंश उतरते. मात्र त्यामुळे बाष्पीभवन वाढते, म्हणून गोड्या पाण्याची भरपाईही वाढवावी लागते.

नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तरीही समुद्रपुष्प सहा महिन्यांनंतरच आणावे. ते जागा बदलत फिरते, म्हणून पंपाच्या शोषमुखावर जाळी आवश्यक आहे. ती नसल्यास काय होते, याचे वर्णन येथे करीत नाही. आठवड्यातून एकदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरतो.

पाण्याचा स्रोत :

समुद्र दाराशी असल्याने रायगडकरांना पाणी फुकट मिळते. पण प्रत्येक ठिकाणचे पाणी सारखे नसते. धरमतरची खाडी, रेवदंड्याला कुंडलिकेचे मुख, राजपुरीची खाडी येथील पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारता घसरते. दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत, उघड्या किनाऱ्यावरून, भरती पूर्ण होत असताना पाणी घ्यावे, कापडातून गाळावे व काही दिवस अंधारात निवू द्यावे. पाण्याबरोबर जिवंत प्रवाळ असलेला खडक फोडून आणण्याचा मोह मात्र आवरावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला असून तो गुन्हा ठरतो.

स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प १८८७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, काचेच्या बरणीत जगले. त्याला ‘ग्रॅनी’ म्हणजे आजीबाई म्हणत. ना पंप, ना वीज. समुद्राचे पाणी मात्र नियमितपणे बदलले जाई. थंड समुद्रातील ती जात प्रकाशावर विसंबणारी नव्हती, हे खरे. तथापि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि अनेक गावांत वीज दीर्घकाळ खंडित राहिली, तेव्हा आम्हाला याच रीतीचा आधार घ्यावा लागला. झाकून ठेवलेल्या दोन पिंपांतील निवलेले पाणी सकाळ-संध्याकाळ बादलीने बदलत राहिलो. बॅटरीवरचा हवेचा पंप त्यानंतरच विकत घेतला.