फाटकाच्या दुरुस्तीचा हिशेब

आज शाळेत शिरताना तुम्ही फाटकातून आत आलात. त्या फाटकाकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? त्याचा पल्ला सरळ उभा आहे, की एका कोपऱ्याने जमिनीला टेकला आहे? उघडताना तो फरशीवर खरखर ओरखडा काढतो का? काढत असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आमच्या शाळेचे फाटक असेच खाली बसले होते. एके दिवशी मधल्या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा त्याला लोंबकळून झोका घेत होता. तेवढ्यात वरची बिजागरी तुटली आणि पल्ला कलला. मुलाने वेळीच उडी मारली, म्हणून पायाच्या अंगठ्याच्या नखावर निभावले. साठ किलोचे लोखंड अंगावर पडले असते तर काय झाले असते, याचा विचारही नको वाटतो.

दुसऱ्या दिवशी दोन कारागिरांना बोलावले. पहिला म्हणाला, “नऊशे रुपये. तासाभरात उभे करून देतो.” दुसऱ्याने फाटकाभोवती दोन चकरा मारल्या, खालच्या नळीवर हातोडी वाजवून पाहिली आणि म्हणाला, “तीन हजार आठशे.” एकाच फाटकाच्या दुरुस्तीचे दोन भाव, तेही चौपट फरकाचे! बैठकीत बहुतेकांचे मत नऊशेच्या बाजूने पडले. तेव्हा नववीच्या वर्गाला मी म्हटले, “भाव खरा कोणता, हे आपण विज्ञानाला विचारू.” चला, तुम्हीही आमच्याबरोबर हिशेबाला बसा.

बिजागरी का तुटली?

आमच्या फाटकाचा एक पल्ला दीड मीटर रुंद आहे आणि त्याचे वजन सुमारे ६० किलो आहे. वरच्या व खालच्या बिजागरीत एक मीटर अंतर आहे. पल्ल्याचे सगळे वजन त्याच्या मध्यातून, म्हणजे बिजागरीपासून पाऊण मीटरवर, खाली ओढत असते. तुम्ही परिबलाचा नियम शिकला आहात. वजन गुणिले अंतर म्हणजे ६० × ०.७५ = ४५. एवढ्या परिबलाला तोल देण्यासाठी वरच्या बिजागरीला ४५ किलो वजनाइतक्या जोराने पल्ला खांबाकडे धरून ठेवावा लागतो. खालची बिजागरी तेवढ्याच जोराने खांबात दाबली जाते. म्हणूनच फाटके बहुधा वरच्या बिजागरीत तुटतात.

आता ३० किलो वजनाचा मुलगा पल्ल्याच्या टोकाला लोंबकळला. त्याचे अंतर पाऊण मीटर नाही, पुरते दीड मीटर आहे. त्याचे परिबल ३० × १.५ = ४५. म्हणजे एकूण ओढ ९० किलोची झाली! पाहा हं, पल्ल्यावरचे वजन दीडपट झाले, पण वरच्या बिजागरीवरची ओढ दुप्पट झाली. शिवाय झोका घेताना बसणारे हिसके वेगळेच.

तरीही चांगला जोड ९० किलोची ओढ सहज सोसतो. मग आमचा का तुटला? त्याचे उत्तर दुसऱ्या कारागिराने हातोडीने शोधले होते. टणटण वाजायला हवी ती नळी भदभद वाजत होती. तिला आतून गंज लागला होता.

न दिसणारा चोर

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. यांपैकी एकाची वाट अडवली, की काम थांबते. रंग लावतात तो त्यासाठीच. पाण्यात मीठ असेल तर गंज भराभर चढतो, कारण खारट पाण्यातून विद्युत्‌प्रवाह सहज वाहतो आणि गंजणे ही मुळात विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. कोकणातल्या फाटकांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे.

ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर चढतो, पण तो घट्ट चिकटून आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो फुगतो, पापुद्रे धरून गळतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवेपुढे उघडे पडते. फाटकाची खालची नळी चिखलाच्या शेजारी असते आणि तिच्या आत पावसाचे पाणी साठून राहते. बाहेरून रंग तुकतुकीत दिसतो, पण तीन मिलिमीटर जाडीची भिंत आतून झिजून जेमतेम एक मिलिमीटर उरलेली असते. म्हणून जाणता कारागीर नळीच्या सर्वांत खालच्या बाजूला पाणी निथळायला एक लहान भोक ठेवतो. त्या भोकाला काहीच खर्च येत नाही, पण ते नळीचे आयुष्य वाढवते.

ठिणगीच्या पोटात

पूर्वी लोखंडाला लोखंड जोडण्याचे काम लोहाराचे होते. भात्याने निखारे फुलवून लोखंडाची दोन टोके पांढरी होईपर्यंत तापवायची आणि ऐरणीवर घणाने ठोकून एकजीव करायची. बैलगाडीच्या चाकाची धाव अशीच सांधली जाई. भांड्यांना देतात तो डाख वेगळा. त्यात भांड्याचा धातू वितळत नाही, मध्ये घातलेला डाखच वितळतो.

वेल्डिंगमध्ये, म्हणजे वितळजोडकामात, दोन्ही तुकड्यांच्या कडा खरोखर वितळतात. शुद्ध लोखंडाचा वितळबिंदू १५३८ अंश सेल्सिअस आहे. एवढी उष्णता हव्या त्याच जागी पोचवते ती विद्युत् प्रज्योत. १८८० नंतरच्या दशकात रशियात निकोलाय बेनार्डोस यांनी कार्बनच्या कांडीने अशी प्रज्योत पाडून धातू जोडून दाखवले. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव यांनी कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. ही कांडी प्रज्योतही पेटवते आणि स्वतः वितळून फटही भरते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या ऑस्कर शेल्बेरी यांनी कांडीवर लेप चढवला. आज कोपऱ्यावरच्या दुकानातला वेल्डर जो ‘रॉड’ वापरतो, तो याच कुळातला.

लेप कशासाठी? वितळलेल्या लोखंडाने हवेतला प्राणवायू व नायट्रोजन शोषला, तर थंड झाल्यावर ते ठिसूळ होते. लेप जळून त्याचा वायू होतो आणि तो हवेला दूर ठेवतो. उरलेला लेप मळीच्या रूपाने जोडावर तरंगून त्याला झाकून ठेवतो. काम झाल्यावर वेल्डर टोकदार हातोडीने टकटक करून जे काळे कवच उडवतो, तीच ही मळी.

आता विचार करा. जोडायच्या जागी आधीच गंज असेल, जुना रंग असेल, तर काय होईल? गंजात प्राणवायू आणि पाणी आहे, रंग जळून धूर होतो. हे वायू वितळलेल्या धातूत अडकतात आणि जोड आतून भाकरीसारखा पोकळ राहतो. वरून मात्र तो छान जाडजूड दिसतो! आमच्या फाटकाला त्याआधीच्या वर्षी असाच ‘जाडजूड’ टाका मारला होता. तो एकच पावसाळा टिकला.

आता हिशेब

पुढचे भाव आम्ही हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे भाव घालून पाहा.

पहिली बाब लोखंड. खालची गंजलेली नळी बदलायची. ती ४ सेंटिमीटर चौरस आणि ३ मिलिमीटर जाडीची आहे. बाहेरचे क्षेत्रफळ १६ चौरस सेंटिमीटर, आतली पोकळी ३.४ × ३.४ = ११.५६, म्हणजे लोखंडाचे उरले ४.४४. लांबी १५० सेंटिमीटर, म्हणून आकारमान ६६६ घन सेंटिमीटर. पोलादाची घनता ७.८५, म्हणजे वजन सुमारे ५.२ किलो. किलोला ७० रुपये धरले, तर ३६५ रुपये. बिजागऱ्यांची जोडी १६० रुपये.

दुसरी बाब रॉड. वीस रॉड, प्रत्येकी ६ रुपये, म्हणजे १२० रुपये.

तिसरी बाब वीज, आणि इथे खरी गंमत आहे. घरातल्या २३० व्होल्टचा दाब वेल्डिंगच्या पेटीतले रोहित्र उतरवते. प्रज्योत चालू असताना दाब २५ व्होल्टच्या आसपास असतो, पण प्रवाह मात्र १०० अँपिअरच्या घरात जातो. २५ × १०० = २५०० वॉट. वीस रॉड जळायला प्रत्यक्षात वीस-पंचवीस मिनिटे लागतात. म्हणजे वीज साधारण एक युनिट. पेटीत वाया जाणारी धरून दीड युनिट म्हणू. युनिटला १० रुपये धरले, तर खर्च १५ रुपये! हजारो अंशांची प्रज्योत पेटवणारी वीज ही संपूर्ण बिलातली सर्वांत स्वस्त बाब निघाली. वर्गात कोणालाच हे खरे वाटेना. दोनदा गुणाकार तपासला तेव्हा पटले.

ग्राइंडरच्या चकत्या ८० रुपये. गंजरोधक प्रायमर, रंग आणि ब्रश ४६० रुपये. इथवर सामानाचे १२०० रुपये झाले. वेल्डर आणि त्याचा मदतनीस यांची दिवसाची मजुरी १६०० रुपये. पेटी व सामान आणण्या-नेण्याचा टेंपो ५०० रुपये. यंत्रांची झीज, दुकानाचे भाडे आणि कारागिराचा नफा मिळून ५०० रुपये. बेरीज करा: ३८०० रुपये.

म्हणजे दुसऱ्याने काही फसवले नव्हते. मग पहिला खोटा होता का? तोही नव्हता. तो नळी बदलणार नव्हता, घासणार नव्हता, रंगवणार नव्हता. गंजक्या नळीवरच नवी बिजागरी चिकटवून तो निघून जाणार होता. दिवसभराच्या मजुरीतला मोठा भाग घासण्यात आणि पल्ला ओळंब्यात धरण्यात जातो. नेमके तेच काम नऊशेच्या भावात गळले होते. ज्या कामात काही ‘दिसत’ नाही, त्याचेच पैसे आपण घासाघीस करून वाचवतो.

बिलात नसलेली बाब

शेवटी नववीतल्या एका मुलीने प्रश्न विचारला, “सर, त्या मदतनीस दादाला काच का नव्हती?” आधीच्या वर्षीचे काम तिने पाहिले होते. वेल्डर हातात काळ्या काचेची ढाल धरून होता. पल्ला धरून उभा असलेला मदतनीस मात्र नुसतीच मान वळवून, डोळे मिटून उभा होता. तो तुमच्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठा असेल.

प्रज्योतीतून जो प्रकाश दिसतो, त्यापेक्षा घातक असतात ते न दिसणारे जंबुपार, म्हणजेच अतिनील किरण. ते डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला भाजतात. त्या वेळी काहीच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, पाणी वाहते, उजेड सोसवत नाही. अशा वेळी डोळे चोळू नयेत, घरगुती औषध घालू नये, डॉक्टरांकडे जावे. साधा गॉगल इथे पुरत नाही. धुराचेही तसेच आहे. जस्ताचा मुलामा दिलेली नळी जोडताना निघालेल्या धुराने कारागिराला थंडीताप भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग देणाऱ्या गोष्टींत घातला. म्हणून हे काम मोकळ्या हवेत, वाऱ्याची दिशा पाहून करावे लागते.

त्या मुलीच्या प्रश्नावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, पण हिशेबात जागा होती. मदतनिसासाठी एका ढालीचे २०० रुपये आम्ही जोडले. ३८०० चे ४००० झाले. मुलांनी तो कागद बैठकीत वाचून दाखवला, एकेक ओळ समजावून सांगितली. थोडी कुरकुर झाली, पण काम दुसऱ्या कारागिराला मिळाले. दुरुस्तीच्या दिवशी फाटकाभोवती दोरी बांधली होती, मुले वर्गात होती आणि दादाच्या हातात काळी काच होती.

करून पाहा

१. तुमच्या शाळेच्या फाटकाची रुंदी व दोन बिजागऱ्यांमधले अंतर मोजा. वजनाचा अंदाज करून वरच्या बिजागरीवरची ओढ काढा. बिजागऱ्यांमधले अंतर दुप्पट केले तर ती किती होईल?

२. खालच्या नळीवर लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच वाजवून आवाज ऐका. भदभद आवाज येईल तिथे खडूने खूण करा आणि शिक्षकांना दाखवा. फाटक हलत असेल, तर जवळ जाऊ नका. आधी मोठ्यांना सांगा.

३. गोल सळईचे एका मीटरचे वजन काढण्याची कारागिरांची एक युक्ती आहे. व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचे. १२ मिलिमीटरच्या सळईचे १४४ ÷ १६२ = ०.८९ किलो. हे १६२ कुठून आले? वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि पोलादाची घनता एवढ्यावरून तुम्हाला ते शोधता येईल.

आणि वाटेत कुठे वेल्डिंग चालू दिसले, तर थांबून ती निळी-पांढरी ज्योत पाहू नका. मान फिरवा आणि पुढे चला. पल्ला धरून उभ्या असलेल्या माणसाजवळ काच आहे का, हे मात्र ज्योत विझल्यावर जरूर विचारा.